अपहृतेचा मुक्काम आरोपीच्या घरी

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

बातमीच्या वर आपलं नाव छापून यावं म्हणून मी सत्तावीस वर्षं झटलो. आज ते बातमीच्या आत छापून आलं, आणि तेही शेजारच्या पेपरात. आमच्या पेपरात उपसंपादकाने मैत्रीला जागून मला ‘अन्य एक’ केलं आहे.

बातमी अशी. पेठ तालुक्यातल्या करवंदपाडा ग्रामपंचायतीच्या सदस्या बयाबाई यांचं शनिवारी अपहरण झालं. आरोपी क्रमांक एक खंडेराव, त्याच पंचायतीचे सदस्य. आरोपी क्रमांक दोन सावळीराम पगारे, वार्ताहर, राहणार जेलरोड, नाशिकरोड. पंचवीस वर्षं या पत्त्यावर राहतोय. पत्त्यात काही भविष्य दडलेलं असेल असं कधी वाटलं नाही.

इथे तरी सरळ लिहितो. करवंदपाड्याच्या उपसरपंचांनी ठरल्याप्रमाणे अडीच वर्षांनी राजीनामा दिला. नव्याची निवड पुढच्या मंगळवारी, अठरा तारखेला. सरपंच धरून मतं सात. तीन खंडेरावांची, तीन मनोजची, आणि सातव्या बयाबाई. मनोज हा बयाबाईंचा मुलगा. आई आपल्या बाजूची आहे हे तो गृहीत धरून होता. आईने तसं कधी म्हटलेलं नव्हतं, पण आईला विचारतं कोण?

अशा वेळी आपल्याकडे सहल काढतात. सदस्यांना जीपमध्ये घालायचं, लांबच्या फार्महाऊसवर ठेवायचं, मोबाइल काढून घ्यायचे, आठ दिवस जेवू घालायचं आणि मतदानाच्या दिवशी थेट सभेत आणून उतरवायचं. दोन्ही बाजू काढतात. त्यात कुणाला गैर वाटत नाही. उलट नेलं नाही तर सदस्य रुसतात. रविवारच्या पुरवणीसाठी यावर लेख लिहावा म्हणून मी शनिवारी खंडेरावांच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलो. बयाबाई केसांना तेल लावून, पिशवी घेऊन दारातच उभ्या होत्या. मी उतरून जीपचं दार उघडलं आणि जित्याच्या खोडीने म्हणालो, “आगच्छतु, आगच्छतु.” त्या बसल्या. मी त्यांना माझं कार्ड दिलं आणि नाशिकला उतरून गेलो. जीप पुढे इगतपुरीकडे गेली. माझा गुन्हा एवढाच.

मनोजच्या फिर्यादीत हेच असं आहे: “चष्मा घातलेल्या इसमाने परक्या भाषेत मंत्र टाकल्याने माझ्या आईस भुरळ पडून ती आपोआप गाडीत बसली.”

आमचे बा म्हणायचे, ज्या भाषेच्या दारात आपल्याला उभं केलं नाही, ती आधी शीक. शिकलो. एम.ए. झालो. नोकरी त्या भाषेने दिली नाही, ते एक असो. पण जन्मभर बुवाबाजीविरुद्ध लिहिलेल्या माणसावर शेवटी मांत्रिक म्हणून गुन्हा दाखल व्हावा!

बायकोने, म्हणजे अंजलीने, फिर्याद दोनदा वाचली. म्हणाली, “तुमचं संस्कृत ऐकून कुणी जागचं हललं, असं पहिल्यांदाच झालं.”

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ॲडव्होकेट तृप्तीकडे गेलो. माझ्या दिवंगत मित्राची मुलगी, सीबीएस बस स्टँडसमोरच्या कोर्टात तिचं बस्तान चांगलं आहे. लहानपणी मी तिला शब्दरूपं पाठ करायला लावली होती. तिने त्याचा सूड उगवला नाही, निदान अजून.

“काका, हाताला धरून ओढलं?”

“नाही.”

“धमकी? आमिष?”

“नाही.”

“मग नेमकं काय केलं?”

“दार उघडलं.”

“दार उघडायला नको होतं.”

अटकपूर्व जामीन म्हणजे अटक व्हायच्या आधीच मागून ठेवायचा जामीन. मी म्हटलं, हे म्हणजे पोर व्हायच्या आधी बारसं. तृप्ती म्हणाली, “बरोबर. फक्त पाळण्यात तुम्ही.”

मग ती गंभीर झाली. डांबून ठेवण्यासाठी अपहरण म्हणजे सात वर्षांपर्यंत. वर जादूटोण्याचं कलम लागू शकतं. अर्जात ‘आगच्छतु’चा खुलासा करावा लागला. मी लिहून दिलं, “सदर शब्द मंत्र नसून ‘यावे’ या अर्थाचे आदरार्थी आज्ञार्थी रूप आहे.” तिने ‘आज्ञार्थी’वर काट मारली. म्हणाली, “सरकारी वकील म्हणतील, बघा, आज्ञा दिल्याचं कबूलच करतोय.”

निघताना मी विचारलं, खरं सांग, किती वाईट आहे?

“बाई सापडल्या आणि म्हणाल्या, मी आपणहून गेले, तर तुम्ही सुटलात. नाही सापडल्या तर...” पुढे ती पंख्याकडे बघत राहिली. पंखा बंद होता.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सत्र न्यायालयात अर्ज. न्यायाधीश बाई शांत आहेत, चष्म्याच्या वरून बघतात. सरकारी वकील म्हणाले, “अर्जदार विद्वान आहे, आणि म्हणूनच धोकादायक आहे.” सत्तावीस वर्षांत मला कुणी एवढं गंभीरपणे घेतलेलं नाही. सोमवार सतरा तारखेपर्यंत तात्पुरतं संरक्षण मिळालं. तोवर अटक नाही, पण तालुक्याच्या ठाण्यात शनिवारी हजेरी. खंडेरावांनाही त्यांच्या वकिलाने तेवढंच मिळवून दिलं.

हलक्या मनाने घरी आलो. दारात अनोळखी चपला. स्वयंपाकघरात अंजलीसमोर पाय पसरून, मेथी निवडत, अपहृत बाई बसलेल्या.

मी आधी बाहेरचं दार लावून घेतलं.

“या मास्तर,” बयाबाई म्हणाल्या. हातात वही असलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर. “तुमीच कार्ड दिलं ना? कंडक्टरला दाखवलं, रिक्षावाल्याला दाखवलं. बराबर आणून सोडलं.”

“पण तुम्ही तर फार्महाऊसवर होतात!”

“नको माय. सकाळी पनीर, सांजला पनीर. आन् तो खंडू म्हणतो, मी खुणावलं का हात वर करायचा. मी काय शाळेतली पोर हाय? मग म्हटलं, परसाकडं जाते. तो म्हणला, आत संडास हाय. मी म्हटलं, मला उघड्यावरची सवय. निघाले ती रस्त्यापत्तूर आले. एसटी आली, बसले.”

अंजली मला म्हणाली, “अहो, असे उभे काय राहिलात? पाहुण्या आल्यात. कोथिंबीर आणा.”

कोथिंबीर आणली. आरोपीने दुसरं काय करावं?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तृप्ती घरी आली, बयाबाईंना बघितलं आणि खुर्चीत बसली. अर्जाची प्रत बाहेर काढली, पुन्हा पिशवीत ठेवली.

“काका,” शेवटी म्हणाली, “कालपर्यंत तुम्ही निर्दोष होतात.”

पोलिसांना बाई या पत्त्यावर सापडल्या तर संपलंच. तिने सांगितलं, आत्ता उठा, बयाबाईंना घेऊन ठाण्यात जा, जबाब द्या, मोकळे व्हा. मी शर्ट बदलायला उठलोसुद्धा.

“मग पोलीस मला कुठं ठेवतील?” बयाबाईंनी विचारलं.

“तुमच्या घरच्यांकडे पाठवतील.”

“घरचा कोण? मनोज. तो मला कोठीत घालील, कडी लावील आन् मंगळवारी काढील. मंग मत कुणाचं?”

मी म्हटलं, “मत तुमचंच.”

“कडी त्याची आन् मत माझं, असं नसतं मास्तर.”

यावर आम्ही दोघं पदवीधर अर्जाचे कागद चाळू लागलो. तिसरी पदवीधर, म्हणजे अंजली, जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक आहे, तिने फक्त एवढंच विचारलं, “मंगळवारपर्यंत ना?”

निवड मंगळवारी. माझी सुनावणी सोमवारी. मधे एकच रात्र, पण ती माझी कोठडीतली असणार.

“सोमवारचं सोमवारी बघू,” बयाबाई म्हणाल्या आणि शेंगदाणे सोलू लागल्या.

दुपारी अनोळखी नंबरवरून खंडेरावांचा फोन. रडवेला आवाज. “पगारेसाहेब, माझ्याकडनं पळाली हो म्हातारी! बरं, तक्रार करू तर कुठं करू? मीच आरोपी!” मी त्यांचं सांत्वन केलं. आतून बयाबाईंच्या हसण्याचा आवाज आला. मी सांगितलं, टीव्ही चालू आहे.

जाता जाता एक चांगली गोष्ट. बयाबाईंना सही शिकायची आहे. आजवर अंगठाच. या वयात अक्षराची ओढ बघून मला भरून आलं. दुरेघी वही आणली. ‘ब’चं पोट त्यांना साधत नाही, ‘य’ मात्र पहिल्या फटक्यात झोकदार.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ठाण्यात हजेरी. फौजदार तरुण आहेत, कर्तव्यदक्ष. त्यांना माझ्या मंत्राचा पंचनामा करायचा होता. म्हणजे प्रात्यक्षिक. एका हवालदाराला दारात उभं केलं, दोन पंच बोलावले. एक समोरचा झेरॉक्सवाला, दुसरा दाखल्यासाठी आलेला कुणी इसम. मला सांगितलं, शनिवारी म्हणालात तसंच म्हणा, त्याच सुरात.

मी म्हणालो, “आगच्छतु.”

हवालदार हलला नाही. मला वाटलं, वाचलो. फौजदार म्हणाले, फिर्यादीत दोनदा म्हटल्याचं आहे, दोनदा म्हणा. मी दुसऱ्यांदा म्हणालो, आणि नेमका त्याच क्षणी माझ्या मागून पोऱ्या नव्हे, खुद्द टपरीवाले आजोबा चहा घेऊन आले. हवालदार चहासाठी पुढे सरकला. फौजदारांनी लिहिलं, “दुसऱ्या उच्चारानंतर हवालदार एक पाऊल पुढे आले.” मी म्हटलं, चहाचं लिहा ना. ते म्हणाले, चहा या गुन्ह्याचा भाग नाही.

पंचांनी सह्या केल्या. झेरॉक्सवाल्याने जाताना मला लांबून नमस्कार केला.

मग फौजदारांनी खुर्ची जवळ ओढली. “पगारेसाहेब, तुम्ही सभ्य माणूस. बाई कुठं आहे तेवढं सांगा. तासाभरात मोकळे.”

खोटं कशाला लिहू? शब्द दातांपर्यंत आला होता. निवृत्तीला पाच वर्षं उरलीत. आत गेलो तर पेपरवाले मला चौकटीतही छापणार नाहीत. कुठल्या गावच्या उपसरपंचासाठी मी हे करतोय, तेही कळत नव्हतं. पुढे उपसरपंच कोण होणार, खंडेराव की मनोज, याने जगाचं काय अडणार होतं?

समोरच्या बाकावर मनोज बसला होता. तिशीचा, रापलेला, हातात प्लॅस्टिकची पिशवी. तो उठून फौजदारांपाशी आला. “साहेब, आये सापडली का ह्या गोळ्या द्या तिला. बीपीच्या. आठ दिस झाले, घेतल्या नसतील तिनं.” फौजदारांनी पिशवी कपाटात ठेवली. मनोजने माझ्याकडे असं बघितलं, की मंत्र खरंच येत असता तर स्वतःवर टाकून अदृश्य झालो असतो.

त्याला सांगावंसं वाटलं, गोळ्यांचं विसर, काल तिने चार पुरणपोळ्या खाल्ल्या. पण सांगितलं असतं तर गोळ्यांबरोबर कडीही आली असती. पाणी मागितलं, प्यायलो, निघालो. कपाटाच्या काचेतून गोळ्यांचं नाव मात्र वाचून ठेवलं होतं. नाशिकला उतरून तीच पट्टी घेतली.

घरी बयाबाई वाट बघत होत्या. पंचनाम्याचं ऐकून पोट धरून हसल्या, गोळी घेतली. मग लोकशाहीबद्दल प्रश्न विचारू लागल्या. उपसरपंचाच्या निवडीत सूचक म्हणजे कोण? अनुमोदक म्हणजे कोण? मी धातूपासून सुरुवात करून अर्धा तास समजावलं.

“दोन्ही बायका चालत्यात?”

“चालतात.”

“एक ह्या गटाची, एक त्या गटाची?”

“कायद्याला गट माहीत नसतात, बयाबाई.”

त्यांनी अंजलीकडे बघितलं. अंजली आधीच कोरडं असलेलं ताट पुसत होती. खेड्यातल्या बाईला राज्यव्यवस्थेची एवढी जिज्ञासा असावी, मला फार बरं वाटलं. यावर खरं तर लेख होईल.

रोज एका वत्सलाबाईंचाही फोन येतो, अंजलीच्या मोबाइलवर. या खंडेरावांच्या भावजय, तिकडे फार्महाऊसवर सहलीत आहेत, तिथल्या वॉचमनकडून फोन मागून घेतात. बयाबाई हळू आवाजात बोलतात. आज एवढंच ऐकू आलं, “आशा हो म्हणली? आन् पिंकी? मंग झाल्या ना चार.” नागलीचे पापड करायचे असणार. चार जणी लागतातच.

रविवार, १६ फेब्रुवारी

विशेष काही नाही. बयाबाईंनी एकोणीस वेळा सही केली. विसावी एका छापील कागदावर केली. मी बघायला गेलो तर अंजली म्हणाली, रेशनचा फॉर्म आहे. संध्याकाळी अंजली तो घेऊन कुणाला तरी भेटायला बस स्टँडवर गेली. रविवारी रेशनचं काम करणारी माणसं अजून आहेत तर!

उद्यासाठी बॅग भरली. दोन बनियन, टॉवेल, ब्रश, जादा चष्मा. अंजलीने चिवड्याचा डबा घातला. त्याचं झाकण मी तीनदा तपासलं. तिने एकदाही नाही.

बयाबाईंना मी स्पष्ट सांगितलं, उद्या तुम्ही कोर्टाकडे फिरकायचं नाही. मंगळवार महत्त्वाचा. हे वाक्य मी फार उदात्तपणे म्हणालो. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि थोडा वेळ तिथेच बसलो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सरकारी वकिलांनी पंचनामा वाचला. “एक पाऊल” या शब्दांवर थांबून त्यांनी कोर्टाकडे अर्थपूर्ण नजर टाकली. हवालदारासारखा प्रशिक्षित माणूस जिथे सरकतो, तिथे एका वृद्ध महिलेची काय कथा? बाई दहा दिवस बेपत्ता आहेत, आरोपी विचारलेलं सांगत नाही, सबब कोठडीतच चौकशी हवी.

तृप्तीने जीव तोडून बाजू मांडली. चहाचा मुद्दाही काढला. पण “बाई कुठे आहेत?” असं कोर्टाने विचारल्यावर ती माझ्याकडे वळली आणि मी खाली बघितलं. न्यायाधीश बाईंनी चष्मा सारखा केला आणि मजकूर सांगायला सुरुवात केली. “अर्जदाराने तपासात सहकार्य...”

“बाईसाहेब, मीच ती,” मागून आवाज आला.

शेवटच्या बाकाजवळ बयाबाई उभ्या होत्या. शेजारी अंजली, आधारकार्ड हातात धरून.

“आये!” मनोज उठला.

“तू गप बैस.”

पुढचं जसं ऐकलं तसं लिहितो.

कोर्ट: तुम्हाला कोणी पळवून नेलं?

बयाबाई: पळवायला आधी पळता यायला पायजे. गुडघे बघा माझे.

सरकारी वकील: या इसमाने काही म्हटल्यावर तुम्हाला भुरळ पडली का?

बयाबाई: ह्याचं बोलणं कुणाला कळत नाय. न कळता भुरळ कशी पडंल?

कोर्ट: मग इतके दिवस कुठे होतात?

बयाबाई: ह्यांच्याच घरी.

मी डोळे मिटले. सरकारी वकील उठले ते मला न बघताही कळलं, एवढा आनंद त्यांच्या खुर्चीच्या आवाजात होता.

कोर्ट: स्वेच्छेने गेलात?

बयाबाई: एसटीने.

न्यायाधीश बाईंनी पाणी प्यायला वेळ घेतला. मग विचारलं, आता तुम्हाला कुठे जायचंय? इथे सगळेच एकदम बोलले. मनोज म्हणाला, घरी. फौजदार म्हणाले, महिलागृहात. खंडेराव कोपऱ्यातून म्हणाले, आमच्याकडे चार दिवसांचं बुकिंग शिल्लक आहे. कोर्टाने हात वर करून सगळ्यांना बसवलं आणि पुन्हा बयाबाईंनाच विचारलं.

“उद्या दोन वाजता पंचायतीत. तवर ह्या ताईकडं.”

“म्हणजे आरोपीच्या घरी?”

“घर ताईच्या नावावर हाय. मी विचारून घेतलं.”

आदेश झाला. मला अटकपूर्व जामीन मंजूर. खंडेरावांनाही. बयाबाई सज्ञान आहेत, त्यांनी हवं तिथे राहावं. उद्या सभेला जाताना सोबत महिला पोलीस द्यावी. आणि तपास संपेपर्यंत आरोपींनी, उद्याची सभा सोडून, बयाबाईंशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणताही संपर्क ठेवू नये.

व्हरांड्यात मी तृप्तीला मिठी मारणार तेवढ्यात तिने आदेश पुन्हा वाचला.

“काका, आज घरी जायचं नाही.”

“का?”

“घरी बयाबाई आहेत.”

स्वतःच्या घरातून मला कोर्टाच्या आदेशाने हद्दपार केलं होतं. सीबीएसजवळच्या लॉजवर खोली घेतली. तुरुंगासाठी भरलेली बॅग होतीच. रजिस्टरात लॉजवाल्याने मुक्कामाचं कारण विचारलं. लिहिलं, “घरी पाहुण्या.”

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दिवसभर फोनकडे बघत होतो. चिवडा संपला. साडेचारला अंजलीचा फोन आला, की या घरी, बयाबाई गावीच राहिल्यात. आवाजावरून काही कळेना.

घरी पोचलो तर ती पाय पाण्यात घालून बसलेली. रजा काढून ती बयाबाईंसोबत गेली होती, पोलिसांच्या गाडीत.

“कोण झालं?” मी विचारलं. “खंडेराव की मनोज?”

“खंडेरावांना एक मत.”

“म्हणजे मनोज!”

“त्याला दोन. स्वतःचं आणि सरपंचांचं.”

मी बोटं मोजली. चार उरली.

“बयाबाई झाल्या उपसरपंच,” अंजली म्हणाली. “चारही बायकांनी त्यांना मत दिलं. सूचक वत्सलाबाई, अनुमोदक मनोजच्या गटातली पिंकी. खंडेराव हात वर करायची खूण करत होते, वत्सलाबाई छताकडे बघत होत्या.”

मी हातातला तांब्या खाली ठेवला. “तुला माहीत होतं?”

“उमेदवारीचा अर्ज मीच आणला ऑफिसातून. भरला पण मीच, स्टँडवर पिंकीच्या हाती दिला पण मीच.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही पत्रकार आणि वर आरोपी. दोघांनाही सांगायचं नसतं.”

हे मान्य करावंच लागेल. पण एक गोष्ट कळत नव्हती. काल त्या कोर्टात आल्या कशाला? अजून एक दिवस लपून राहिल्या असत्या तर त्यांचं सगळं सुरक्षित होतं. कोर्टाने त्यांना मनोजच्या हवाली केलं असतं तर?

“मी पण तेच म्हटलं,” अंजली म्हणाली. “म्हणाल्या, मास्तर आत गेला आन् मी खुर्चीत बसले, तर ती खुर्ची टोचंल. सकाळी सहाला उठून तयार होऊन बसल्या होत्या.”

आणि मी परवा न्हाणीघरात नळ सोडून स्वतःच्या त्यागावर रडत होतो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

खंडेरावांनी फिर्याद दिली आहे. वत्सलाबाई आणि आशा या त्यांच्या सहलीतल्या दोन सदस्यांना फूस लावून पळवल्याची. आरोपी, बयाबाई. सहल हीच कायदेशीर ताब्याची जागा आहे असं त्यांच्या वकिलांचं म्हणणं. फौजदारांनी गुन्हा नोंदवून घेतला. ते म्हणतात, एकदा नोंदवला तर दुसऱ्यांदा कसं नाही म्हणू?

तृप्ती म्हणाली, “काका, आता तुम्ही दोघंही माझे अशील. तुमच्या अर्जाचा मजकूर तयारच आहे, फक्त संस्कृत काढायचं.”

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

बंधपत्रावर सही राहिली होती म्हणून कोर्टात गेलो. बयाबाईही तिथेच, त्यांच्या अर्जासाठी. माझ्यावर संपर्कबंदी. तृप्तीने मला व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं. अंतर वीस पावलं. बयाबाईंनी हात केला. मी टाकीकडे बघितलं. वाईट वाटलं, पण आदेश आदेश असतो.

अर्ज मंजूर झाला. न्यायाधीश बाईंनी म्हणे विचारलं, की पळवलेल्या बायका कुठे आहेत, तेव्हा वत्सलाबाई आणि आशा मागच्याच बाकावर भेळ खात होत्या. पण अट घातली, एक स्थानिक जामीनदार, जमिनीच्या उताऱ्यासह.

इथे अडलं. करवंदपाडा अर्धा रिकामा, माणसं द्राक्षाच्या तोडणीला निफाडकडे गेलेली. बायकांच्या नावावर जमीन नाही. मी तृप्तीला खुणेने विचारलं, मी राहू का? ती वीस पावलं चालत आली आणि म्हणाली, “आरोपी जामीनदार होत नाही, काका.” पुन्हा वीस पावलं गेली.

साडेतीनला मनोज आला. घामाघूम, छातीशी प्लॅस्टिकची पिशवी. सरळ कारकुनाच्या टेबलापाशी गेला आणि सातबारा पुढे केला.

“कोणासाठी जामीन?”

“उपसरपंचांसाठी.”

“नातं?”

“आये हाय माझी.”

कारकुनाने कागद चाळले. “अहो, तुम्ही यांच्याच अपहरणाचे फिर्यादी ना? आणि यांच्याच विरुद्ध निवडणूक हरलेले?”

“व्हय.”

“आणि आता यांनाच जामीन राहताय?”

“मंग काय, आत बसू देऊ?”

कारकुनाला यावर नियम सापडला नाही. शिक्का मारला. सांगितलं, प्रत्येक तारखेला यांना कोर्टात घेऊन यायची जबाबदारी तुमची, चुकलात तर जमिनीवर बोजा. मनोजने मान डोलावली, दोन ठिकाणी सही केली. मग बाकावर बसलेल्या आईपुढे जाऊन उभा राहिला, तिची पिशवी उचलली आणि म्हणाला, “चल.”

बयाबाई बसूनच राहिल्या.

“चल ना आये. पाचची गाडी जाईल.”

त्या त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या. कारकुनाचा शिक्का हातातच राहिला होता. मनोजने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग खाली ठेवली. त्याचा चेहरा मला वीस पावलांवरून दिसत नव्हता, पाठ दिसत होती. जरा वेळाने ती थोडी वाकली.

“आये, येते का घरी?”

बयाबाईंनी विचार केला. चांगला दोन-तीन मिनिटं केला, घाई न करता. गाडीची वेळ होत होती, त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

“येते,” म्हणाल्या, आणि उठल्या.